जाकीट हिरवं होतं

ताईचा फोन आला तेव्हा मी पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात गस्तीची गाडी धूत होतो. "छोट्या, लगेच ये," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावरचे केस बोटांवर मोजावेत इतके उरलेत, पण ताईसाठी मी अजून छोट्याच. तिच्या आवाजावरून वाटलं, कुणीतरी गेलं. धावतपळत पोचलो तर घरात सगळे धडधाकट होते, फक्त कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

भाचा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. पुढ्यात पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीचा कागद. उंची पात्र, छाती पात्र, कान पात्र, दूरची नजर पात्र. शेवटच्या ओळीवर मात्र शिक्का होता: रंगदृष्टी, अपात्र.

"धावण्यात दुसरा आला हा," ताई मला सांगू लागली, जणू भरती मीच करत होतो. "लेखीत अठरावा. दोन वर्षं झाली, पार्सलच्या गोदामात आठ तास उभं राहायचं आणि त्याआधी पहाटे उठून मैदानावर पळायचं. आणि आता म्हणतात रंग दिसत नाहीत! मी विचारलं, हा टोमॅटो कसला आहे? म्हणाला, लाल. दिसतात की मग!"

"आई, टोमॅटो लाल असतो हे पाठ असतं गं," भाचा खालमानेनं म्हणाला.

ते वाक्य माझ्या छातीत कुठंतरी जाऊन रुतलं. मी खुर्ची ओढून बसलो. मग त्यानं मान वर केली.

"मामा, तिथल्या बाई म्हणाल्या की हे आईकडून येतं. आईला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या वडिलांना किंवा भावाला बऱ्याचदा असतं. तुला आहे का?"

"मला? छे!" मी म्हणालो. "सव्वीस वर्षं पोलिसात आहे मी. असतं तर घेतलं असतं का?"

ताईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लख्ख असलेली शेगडी पुन्हा पुसायला घेतली. लहानपणी चित्रकलेच्या तासाआधी माझ्या रंगकांड्यांवर बारीक अक्षरात नावं लिहून देणारी तीच होती. तिच्यापासून काय लपणार होतं? मी तिथून काढता पाय घेतला.

भाचा जिन्यावरून माझ्या मागोमाग खाली आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं खिशातून एक छोटी डबी काढली.

"गोदामातल्या एकाच्या ओळखीनं मिळालंय. लालसर भिंग आहे, एकाच डोळ्यात घालायचं. ठिपक्यांतले आकडे चटकन दिसतात. अपिलाला पंधरा दिवस आहेत. आईला सांगू नकोस, मामा."

"बघू," मी म्हणालो.

आता जे भाच्याला सांगितलं नव्हतं ते सांगतो.

मी भरतीला गेलो तेव्हा असलं भिंग नव्हतं. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक असायचं. पानभर ठिपके, आणि त्यांत वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला आकडा. चांगल्या डोळ्यांना बारा दिसतो, एकोणतीस दिसतो. मला पहिल्या पानावरचा बारा दिसायचा, कारण तो सगळ्यांनाच दिसतो. पुढे नुसते ठिपके. आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्याकडे ते पुस्तक होतं. मी महिनाभर त्याच्या दुकानात झाडलोट केली आणि बदल्यात रोज दुपारी पुस्तक चाळलं. कुठल्या पानाचा कोपरा दुमडलाय, कुठल्या पानावर डाग आहे, कुठला आकडा कितवा, सगळं तोंडपाठ केलं. तपासणीच्या दिवशी डॉक्टर वर न बघता पानं उलटत होते आणि मी पाढे म्हणावेत तसे आकडे म्हणत होतो. त्यांचं पुस्तक नवं कोरं होतं, पण क्रम तोच होता. माझं नशीब जोरावर होतं म्हणा, किंवा दुसऱ्या कुणाचं तरी फुटकं होतं म्हणा.

कारण चौथ्या वर्षी ते जाकीट आलं.

संध्याकाळची वेळ होती, बाजाराच्या रस्त्यावर पिवळे दिवे नुकतेच लागले होते. एका म्हातारीला ढकलून तिची पिशवी घेऊन एकजण पळाला. तिचा हात मोडला. मी त्याच्या मागे दोन गल्ल्या पळालो, तिसऱ्या गल्लीत तो गर्दीत मिसळला. मी वायरलेसवर सांगितलं: उंच, सडपातळ, तपकिरी जाकीट. दहा मिनिटांत दुसऱ्या गाडीनं तपकिरी जाकिटातला एक उंच, सडपातळ माणूस बस-थांब्यावर धरला. तो रडकुंडीला येऊन सांगत होता की मी बसचालक आहे, उद्या सकाळी नव्या आगारात माझा पहिला दिवस आहे. कोण ऐकतो? मीसुद्धा त्याला बघून म्हणालो, "जाकीट तेच वाटतंय."

दीड दिवस तो कोठडीत होता. मग खरा चोर पिशवीसकट सापडला. त्याचं जाकीट हिरवं होतं. गर्द हिरवं, सगळे म्हणाले. मी ते हातात धरून पाहिलं, उलटंसुलटं केलं. मला ते तपकिरीच दिसत होतं.

दिव्यांच्या उजेडाला दोष देऊन सगळे मोकळे झाले. बसचालकाला सोडलं. त्याच्या आगारापर्यंत मात्र "पोलीस केस" एवढंच पोचलं होतं, त्यामुळे त्याला घरी बसवलं, असं कानावर आलं. मी एकदा आगाराच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. आत जायचा धीर झाला नाही.

त्या दिवशी जाकीट माझ्या हातात असताना माझा जोडीदार शेजारी उभा होता. गस्तीच्या गाडीत एक जण चालवतो, एक जण बघतो. तो चालवायचा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याला बोलायचं वेडच लागलं. "लाल गाडी चालली बघ डावीकडनं. हिरवं दार उघडं दिसतंय त्या दुकानाचं. तो तपकिरी टोपीवाला दोनदा फिरून आला." तासन् तास. मी आधी वैतागलो, मग सवय झाली, आणि मग त्याचं नाव रेडिओ ठेवलं. "रेडिओ, जरा बंद हो की रे," मी म्हणायचो. तो हसायचा आणि पुन्हा सुरू. ठाण्यात मी त्याला रेडिओ अशी हाक मारली की लोक खो खो हसायचे. मला वाटायचं, नाव चपखल बसलंय म्हणून हसतात.

मग तीन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या दुखण्यानं मी दोन महिने घरी होतो. परत आल्यावर माझ्या जागी बसलेल्या नव्या मुलाला मी विचारलं, "काय रे, कान किटले का त्याच्या बडबडीनं?"

"कुणाच्या?" मुलगा म्हणाला. "ते तर तोंडच उघडत नाहीत. दोन महिन्यांत शंभर शब्द बोलले नसतील. सगळे त्यांना मौनीबाबा म्हणतात. तुम्ही गमतीनं रेडिओ म्हणता ना?"

मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसलो. एकोणीस वर्षं तो माणूस स्वभावाविरुद्ध बोलत होता. माझे डोळे होऊन बोलत होता, आणि मला कळूही देत नव्हता. तेव्हाच त्याला जाऊन मिठी मारायला हवी होती. मी नाही मारली. मिठी मारायची तर आधी कबूल करावं लागलं असतं.

तर अशा माणसाकडे भाचा भिंगाची डबी घेऊन आला होता.

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याच्या मैदानावर गेलो. त्याच्या फेऱ्या संपेपर्यंत कट्ट्यावर बसून राहिलो. तो घामाघूम होऊन शेजारी टेकला आणि मी सगळं सांगितलं. पुस्तक, डाग, दुमडलेले कोपरे. जाकीट. बसचालक.

तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिला. मग भडकला.

"म्हणजे तू सव्वीस वर्षं जे केलंस ते मी करायचं नाही?"

"नाही करायचं."

"वा रे वा! स्वतःचं भागलं, आता आम्हाला शहाणपण!"

"हो," मी म्हणालो. "तसंच समज. पण मी चार वर्षं चुकलो नाही म्हणून मला वाटलं, कधीच चुकणार नाही. तू चुकशील तेव्हा तुझ्या शेजारी कोण बसलेला असेल, सांगता येतं का? मला जो मिळाला तसा सगळ्यांना मिळत नाही."

"मग काय करू? जन्मभर पार्सलं उचलू?"

मी म्हणालो, "अपिलाला मी बरोबर येतो. आणि तिथं माझंही सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे."

त्याचा राग एकदम ओसरला. "वेडा आहेस का? नोकरी जाईल तुझी. तुला सांगायची काय गरज?"

"तुला नको ते करू नकोस म्हणायचं आणि आपण गप्प बसायचं, हे नाही जमणार मला," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी ताईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं रे. तू पास झालास त्या दिवशी मी आधी आनंदानं रडले आणि मग काळजीनं." एवढ्या वर्षांत तिनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. माझ्याभोवती सगळी माणसंच अशी, गुपचूप ओझं वाहणारी.

अपिलाच्या दिवशी आम्ही तिघंही सरकारी रुग्णालयात गेलो. ताई बाहेरच्या बाकावर बसली. नेत्रविभाग म्हणजे लांबट खोली, एका भिंतीला अक्षरांचा तक्ता, खिडकीशी टेबल आणि टेबलाशी तपासनीस बाई. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, बोलणं मोजूनमापून.

"अपील कशाबद्दल?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"रंगदृष्टी."

"दुसऱ्या टप्प्यासाठी अर्ज केलात की नुसतं अपील?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. बाईंनी उसासा टाकला, भाच्याच्या हातातला तो शिक्क्याचा कागद घेतला आणि उलटा केला. मागच्या बाजूला बारीक टायपात पानभर मजकूर होता. त्यांनी पेन्सिलीनं एका ओळीवर टकटक केली.

"मागची बाजू कुणीच वाचत नाही. सगळे पुढचा शिक्का बघून रडतात. वाचा मोठ्यानं."

भाच्यानं वाचलं. ठिपक्यांच्या चाचणीत अपात्र ठरलेल्या उमेदवारास रंगक्रमाच्या चाचणीची संधी मिळेल. तीत उत्तीर्ण झाल्यास तो अटीसह पात्र समजला जाईल. दहा दिवस आमच्या घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं, आणि सुटका कागदाच्या पाठीवर होती! मी पोलीस असून कागद उलटून पाहिला नव्हता. हसावं की रडावं कळेना.

"पण मॅडम, मग पहिल्या चाचणीत नापास का करता?" भाच्यानं विचारलं.

"ती बारीक चाळणी आहे. रंगात रतीभर कमी असलेलाही तिच्यात अडकतो. पण रतीभर कमी असलेला माणूस लाल-हिरवा दिवा, माणसाचे कपडे, गाडीचा रंग रोजच्या कामापुरते ओळखू शकतो बऱ्याचदा. किती कमी आहे हे बघायला दुसरी चाचणी. पूर्वी ती नव्हती. पहिल्यात अडकला की घरी. पुष्कळ चांगली मुलं हकनाक गेली." त्या थांबल्या. "आणि काही जण पाठ करून आत गेले."

मी खाली बघितलं. भाच्यानं मात्र खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली.

"हे मी घालून येणार होतो," तो म्हणाला. "मामानं घालू दिलं नाही."

बाईंनी डबी उघडली, बघितली, बंद केली. "हे डोळ्यात सापडलं असतं तर तू कायमचा बाद झाला असतास. दुसरा टप्पा नाही, काही नाही. मामांचे पाय धर."

त्यांनी दुसऱ्या टप्प्याचा अर्ज तिथल्या तिथं भरून घेतला. चाचणी साधीच होती. काळ्या लाकडी पेटीत सोंगट्यांएवढी पंधरा रंगीत टोपणं. पहिल्या रंगाच्या सर्वांत जवळचा रंग त्याच्या शेजारी, त्याच्या जवळचा त्याच्या पुढे, असं करत ओळ लावायची. भाच्याचे हात पार्सलांना सरावलेले, पण इथं एकेक टोपण तो अंड्यासारखं उचलत होता. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बाईंनी ओळ झाकली, पेटी उलटी केली आणि टोपणांखालचे आकडे वाचले.

"एका ठिकाणी शेजारशेजारच्या दोघांची अदलाबदल. बाकी ओळ सरळ. उत्तीर्ण."

भाचा खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बावीस वर्षांचं ते धिप्पाड पोर खांदे हलवत रडत होतं, आणि बाई त्यांच्या नोंदवहीत शांतपणे लिहीत होत्या. अशी रडणारी मुलं रोज बघत असाव्यात.

"मॅडम," मी म्हणालो, "मलाही काही सांगायचंय."

आणि सांगितलं. मध्येच त्यांनी लेखणी खाली ठेवली. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मी डोळे तपासते, कबुलीजबाब घेत नाही. ते तुमच्या साहेबांकडे जाऊन द्या. पण बसा, चाचणी घेऊ."

"गरज आहे का?"

"तुम्हाला आहे, असं दिसतंय."

मी बसलो. माझ्या हातून निसटून एक टोपण टेबलाखाली गेलं आणि मामा-भाचे दोघंही गुडघ्यांवर बसून ते शोधू लागलो. शेवटी ओळ लागली. बाईंनी पेटी उलटली, आकडे पाहिले, मग नोंदवहीत पाहिलं, मग पुन्हा आकडे. आणि पहिल्यांदाच हसल्या.

"तीच अदलाबदल. त्याच दोन टोपणांची. हे मामा-भाचे आहेत असा दाखला मी डोळे मिटून देईन."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हीही उत्तीर्ण. तुमच्या वेळी ही पेटी असती तर तुम्ही सरळ दारानं आत गेला असता."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी वाईट वाटलं. सव्वीस वर्षं जी गोष्ट मी उरावर धोंड्यासारखी वाहिली ती एवढीशी होती. मी विचारलं, "आणि ते जाकीट?"

"पिवळ्या दिव्यांखाली, पळता पळता? चांगल्या डोळ्यांचा माणूसही चुकला असता कदाचित," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "पण त्यानं दुसऱ्या दिवशी उजेडात ते जाकीट बघून आपली चूक सांगितली असती. तुम्हाला ती सांगता आली नाही, कारण तुम्ही लपवत होतात. नियमात अट आहे ना, ती त्यासाठीच. रंगावरून कुणाला ओळखायचं असेल तर दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची. कमीपणा नाही त्यात. फक्त सांगावं लागतं."

इतक्या स्वच्छ शब्दांत मला कुणी कधी दोषी ठरवलं नव्हतं आणि इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी माफही केलं नव्हतं. मी त्यांना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "पुढच्याला आत पाठवा."

बाहेर ताईनं आमचे चेहरे पाहिले आणि भाच्याच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. तिचा आनंद असाच बाहेर पडतो.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या इन्स्पेक्टर मॅडमसमोर उभा राहिलो. त्या माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी सगळं ऐकलं, नवा दाखला वाचला. मग म्हणाल्या, "चौकशी होईल. मी लिहिताना हेही लिहीन की तुम्ही आपणहून आलात." चौकशी झाली. दोन महिने लागले. सेवापुस्तकात ताकीद आली आणि तिच्याखाली तीच अट, जी भाच्याच्या कागदावर होती. नोकरी राहिली. "आणखी एक काम करा," मॅडम म्हणाल्या. "हा हुकूम नाही. त्या बसचालकाला भेटा."

तो आता त्याच आगारात गाड्यांच्या वेळा लावतो. काचेच्या खोलीत बसला होता, केस पांढरे झालेले, पुढ्यात वेळापत्रकांची चळत. मी माझं नाव सांगितलं, जाकिटाचं सांगितलं, आणि बावीस वर्षं उशिरा क्षमा मागितली. त्यानं पुढ्यातली चळत नीट रचली.

"राग होता," तो अखेरीस म्हणाला. "पुष्कळ होता. बायकोला तोंड दाखवता येईना. पण तुमच्यातलाच एक जण आगारात आला होता ना. सुटल्यावर तिसऱ्या दिवशी. आमच्या साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, या माणसाचा काडीचा दोष नाही, चूक आमची आहे, लिहून देतो. आणि दिलं लिहून. बोलायला अडखळत होता बिचारा, एकेक शब्द ओढून काढत होता. त्याच्यामुळे मला परत घेतलं. त्याला सांगा, मी विसरलो नाही."

"उंच होता? जाड भुवया?"

"हां, तोच."

मी तिथून थेट रेडिओच्या घरी गेलो. वाटेत काय बोलायचं ते दहादा जुळवलं. तो अंगणात एका मोडक्या खुर्चीचा पाय बसवत होता, तोंडात दोन खिळे धरून. त्याची बायको दारातून म्हणाली, "बरं झालं आलात. तुमच्याशी तरी बोलतात. घरात तर आम्ही खाणाखुणांवर दिवस काढतो."

मी त्याच्या समोर पायरीवर बसलो. जुळवलेलं सगळं विसरलो.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

त्यानं खिळे तोंडातून काढून खिशात ठेवले. "जाकिटाच्या दिवशी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोलतच तर होतो की, लेका!" तो म्हणाला. "बावीस वर्षं! घसा बसला माझा."

मी हसलो, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, आगारात गेलो होतो, मला कळलं. म्हणालो, तू नसतास तर त्या माणसाचं आयुष्य माझ्या हातून बिघडलं असतं आणि त्याच्यामागोमाग माझं. म्हणालो, तुझे उपकार आहेत माझ्यावर. हा शब्द मी एरवी कधी वापरत नाही, फार जड वाटतो. त्या दिवशी तो हलका वाटला, अपुरा वाटला.

तो जमिनीकडे बघत होता. "तू मला सांगशील म्हणून वाट बघत होतो," तो म्हणाला. "पहिली दोनेक वर्षं. मग वाट बघायचं सोडलं. तू काही वाईट माणूस नाहीस. घाबरलेला होतास. हातोडी दे ती."

मी हातोडी दिली. खुर्चीचा पाय दोघांनी मिळून बसवला. तिच्यावर आधी कोण बसणार यावरून थोडी हुज्जत झाली आणि त्याची बायको बाहेर येऊन सरळ तिच्यावर बसली. खुर्ची टिकली.

भाचा आता प्रशिक्षण केंद्रात आहे. पहिल्याच आठवड्यात त्यानं आपल्या तुकडीच्या प्रशिक्षकाला स्वतःहून आपल्या अटीबद्दल सांगितलं. प्रशिक्षक म्हणाला, तुकडीत आणखी दोघं तसेच आहेत, तिघं मिळून बसा आणि कोणत्या उजेडात काय चुकतं ते लिहून काढा, मला पुढच्या तुकड्यांना शिकवायला उपयोगी पडेल. भाच्यानं ते फोनवर इतक्या सहज सांगितलं की जणू बुटाचं माप सांगत होता. माझ्या पिढीला जे चोरून न्यावं लागलं ते हा हातात धरून आत घेऊन गेला, याचं मला किती बरं वाटलं ते त्याला कळणारही नाही, आणि कळू नयेच.

तपासनीस बाईंना मी पत्र लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं, पाचव्यांदा तीन ओळींचं पाठवलं. उत्तर आलं नाही. त्यांच्या दाराशी रांग मोठी असते.